बाहेरचा प्लेअर

तुमच्या ऑफिसात आयकार्डाच्या पट्ट्याचे किती रंग आहेत? बहुतेक ठिकाणी दोन असतात. एक कंपनीचा, म्हणजे ‘ऑन रोल’वाल्यांचा. दुसरा बाहेरून आलेल्यांचा. काम तेच, डेडलाईन तीच, कँटीनमधला डोसाही तोच. फरक एवढाच की दिवाळीच्या गिफ्टची यादी आली की दुसऱ्या रंगाच्या पट्टेवाल्यांना अचानक मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागतं. प्रोजेक्ट डुबला तर मात्र पहिला फोन त्यांनाच. ‘तुम्हाला आणलं कशाला होतं?’

मी स्वतः फ्रीलान्सर, म्हणजे माझ्या गळ्यात पट्टाच नाही. गेटवर दर वेळी ‘व्हिजिटर’ म्हणून सही करते. त्यामुळे हा बाहेरचा माणूस नावाचा प्राणी मला जरा जवळचा वाटतो. आणि त्याचं सगळ्यात शुद्ध रूप बघायचं असेल तर ऑफिसात नाही, मैदानावर बघावं, असं माझं मत झालंय.

हे मत झालं गंगापूरला. गंगापूर म्हणजे आमचं गाव. नाशिकचं गंगापूर धरण नाही, आणि वाइनचा त्याच्याशी काही संबंध नाही (हे मला दर पार्टीत सांगावं लागतं). छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका. पुण्याहून नगर रोडने निघालं की प्रवरासंगमला गोदावरीचा पूल लागतो, पलीकडे कायगाव, आणि तिथून पुढे आमचा फाटा. हिवाळ्यात इकडे दोन गोष्टी हमखास दिसतात. उसाच्या ट्रॅक्टरची रांग आणि टेनिस बॉल स्पर्धांचे फ्लेक्स. फ्लेक्सवर गॉगल लावलेले दहा-बारा भावी आणि माजी, खाली बक्षिसांची रक्कम, आणि त्याखाली सगळ्यात महत्त्वाची ओळ. एक तर ‘एक गाव एक संघ, आधार कार्ड सक्तीचे’ किंवा मग ‘खुली स्पर्धा’. खुली स्पर्धा म्हणजे काय ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाहेरचा प्लेअर चालतो!

गेल्या हिवाळ्यात चुलतभावाच्या संघाने असाच एक डावखुरा बॉलर आणला होता. दिवसाचे तीन हजार, पेट्रोल वेगळं, दुपारचं जेवण आमच्या काकूंकडे. पोरगा असेल चोविसेक वर्षांचा. वाळूजच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, नाईट शिफ्ट करून मोटारसायकलवर थेट आलेला. म्हणजे बघा, एका ठेकेदाराकडून सुटला आणि दुसऱ्याकडे हजर झाला. पहिल्या मॅचला त्याने चार विकेट काढल्या तर माईकवाला समालोचक त्याला ‘आपल्या मातीतला हिरा’ म्हणत होता. सेमीफायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये दोन सिक्स बसले. तोच माईक, तोच आवाज, ‘बाहेरून आणलेला बॉलर महागात पडला!’

संध्याकाळी काकू त्याला डबा बांधून देत होत्या तेव्हा मी विचारलं, वाईट नाही वाटत का रे? तो बुटाची लेस सोडत म्हणाला, “त्यात काय ताई. जिंकलं तर गाव जिंकतं, हरलं तर मी हरतो. तीन हजार त्याचेच असतात ना.”

बॉस, एमबीएच्या दोन वर्षांत कोणी इतकं साफ सांगत नाही.

तर या तीन हजारवाल्या धंद्याची सगळ्यात ग्लॅमरस शाखा म्हणजे युरोपातलं बास्केटबॉल. आपल्याला एनबीए माहीत असतं, पण अमेरिकेत कॉलेजातून दर वर्षी जेवढी पोरं बाहेर पडतात त्यांच्यासमोर एनबीएच्या जागा म्हणजे एमपीएससीच्या जागांसारख्या. मग बाकीच्यांनी काय करायचं? विमान पकडायचं. इटली, स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, इस्रायल. एजंट फोन करतो, अमुक गावात गार्ड हवाय. गार्ड म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारा, कोणी कुठे पळायचं ते ओरडून सांगणारा. आता गंमत बघा, ज्याचं कामच बोलण्याचं आहे त्यालाच तिथली भाषा येत नसते.

यातला महागुरू म्हणजे माईक डी’अँटोनी. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातला, 1951चा जन्म. 1973मध्ये प्रोफेशनल झाला, पण तीन-चार वर्षांतच तिकडच्या संघांनी त्याला मोकळं केलं. 1977मध्ये तो मिलानच्या ऑलिंपिया क्लबकडे गेला. एखाद-दुसरा मोसम खेळू, असं म्हणून गेलेली माणसं आपण पाहिलीत. ऑनसाइटला ‘फक्त सहा महिने’ म्हणून गेलेला तुमचा टीममेट आठवा. डी’अँटोनी 1990पर्यंत तिथेच खेळला. 1987 आणि 1988ला मिलानने युरोपचा चॅम्पियन्स कप जिंकला तेव्हा बॉल त्याच्या हातात होता. बॉल इतका अलगद चोरायचा की इटालियन लोकांनी त्याचं नाव आर्सेन ल्युपाँ ठेवलं, गोष्टीतल्या त्या सभ्य चोराचं. आजोबा मूळ इटलीतून अमेरिकेला गेलेले, त्या नात्याने त्याला इटलीचं नागरिकत्व मिळालं आणि 1989च्या युरोपियन स्पर्धेत तो चक्क इटलीकडून खेळला. नातू उलट्या दिशेने घरी!

तेव्हा इटलीतल्या क्लबला दोनच परदेशी ठेवता यायचे. म्हणजे दोनच खुर्च्या. त्यातल्या एकीवर 1984 ते 1991 वेगवेगळ्या गावांत जो ब्रायंट बसला होता. हा एनबीएतून आलेला. त्याचा मुलगा सहा वर्षांचा असताना इटलीत आला, इटालियन शाळेत गेला, मॅचच्या मध्यंतरात कोर्टवर जाऊन बास्केट टाकायचा. त्या पोराचा हिरो होता मिलानचा आठ नंबरची जर्सी घालणारा गार्ड. पोराचं नाव कोबी. पुढे लेकर्समध्ये त्याने आधी आठच नंबर घेतला. आणि 2012मध्ये डी’अँटोनी लेकर्सचाच कोच होऊन आला. असं सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू काहीही दाखवतात राव.

पण हे झालं पोस्टरवरचं. बाकीच्यांचं काय? साधारण करार असा असतो. पगार हातात पडणारा, टॅक्स क्लब भरणार, फ्लॅट क्लबचा, गाडी क्लबची, घरी जायची तिकिटं क्लबची. ऐकायला मस्त. पण परदेशी प्लेअर म्हणजे आधीच महाग, त्यामुळे संघ चार मॅच हरला की पहिला हिशोब त्याचा. नाताळाच्या आसपास बरेच जण बॅगा भरतात, आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्याच गाडीत, दुसरा अमेरिकन येतो. पगार थकवणं हा तर तिकडचा जुना रोग. इतका, की 2007मध्ये फिबाने म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेने त्यासाठी जिनिव्हात एक लवादच बसवला. खेळाडू आणि एजंट क्लबविरुद्ध तिथे दाद मागतात. भाषा इंग्रजी, लवाद एकच, आणि निकाल देताना कुठल्या देशाच्या कायद्याचा कीस काढण्यापेक्षा न्याय्य काय ते बघायचं, असा फंडा. वाळूजच्या ठेकेदारांसाठी असं काही बसवलं तर गर्दी आवरायला पोलीस लागतील.

आणि आपल्याकडे येणारे? तेही आहेत की. कबड्डीत इराणचा फझल अत्राचली बघा. पुणेरी पलटणने 2022च्या लिलावात त्याला 1 कोटी 38 लाखांना घेतलं, कर्णधार केलं, आणि डिसेंबरात मुंबईत झालेल्या फायनलमध्ये पलटण जयपूरकडून हरली. पुढच्या मोसमात फझल गुजरातकडे. दुसऱ्या देशातून आलेला माणूस एका वर्षात पुणेकर होतो आणि पुढच्या वर्षी राहत नाही. आपण टाळ्या वाजवतो, मग विसरतो. पुणेकर तर काय, भाडेकरूला तसेही अकरा महिन्यांच्यावर ठेवत नाहीत.

हे सगळं वाचताना मला वाटत होतं की हा प्रकार आपल्या माणसांसाठी नवीन आहे. ग्लोबलायझेशन वगैरे. पण नाही. आपली मराठी माणसं हा धंदा सत्तर वर्षांपूर्वी करून आली आहेत, लँकेशायरमध्ये.

लँकेशायर लीग सुरू झाली 1892मध्ये. कापड गिरण्यांची गावं. नेल्सन, हॅस्लिंग्डन, रिश्टन, बेकप, रॉटनस्टॉल. गावाची लोकसंख्या आपल्या तालुक्याएवढी, पण प्रत्येकाचा क्लब, आणि प्रत्येक क्लबात एक, फक्त एक, पगारी खेळाडू. त्याला नुसतं ‘प्रो’ म्हणायचे. बाकीचे दहा जण गिरणीत, दुकानात, बँकेत कामाला, शनिवारी दुपारी पांढरी पँट चढवून हजर. प्रोने बॅटिंगही करायची, बॉलिंगही करायची आणि आठवड्यात संध्याकाळी पोरांना नेटमध्ये शिकवायचंही. पन्नास काढले किंवा विकेटांचा ढीग लावला की प्रेक्षकांत टोपी फिरायची आणि जमलेली चिल्लर प्रोच्या खिशात. म्हणजे परफॉर्मन्स बोनस, तोही रोख आणि त्याच दिवशी. एचआरवाल्यांनी नोंद घ्यावी.

वेस्ट इंडिजच्या लिअरी कॉन्स्टंटाईनने हा धंदा प्रतिष्ठित केला. 1929 ते 1937 तो नेल्सनचा प्रो होता आणि त्या नऊ वर्षांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. काळा माणूस कधी बघितलाच नाही अशा गावात. मग वीक्स, वॉरेल, वॉलकॉट सगळेच तिकडच्या लीगमध्ये खेळायला आले. आणि भारतातून विजय हजारे, दत्तू फडकर, विनू मंकड. हजारे आपले सांगलीचे, फडकर कोल्हापूरचे. कुठे कृष्णा-पंचगंगा आणि कुठे मे महिन्यातही स्वेटर काढू न देणारं लँकेशायर.

का जायचे? त्या काळचे खेळाडू सांगतात तो कसोटीचा आकडा 250 रुपयांचा. क्रिकेट म्हणजे प्रतिष्ठा होती, पोटापाण्याची सोय नव्हती. रेल्वे, बँक, एखादा संस्थानिक किंवा मेहरबान शेठ, कुठेतरी चिकटायला लागायचं. त्यापेक्षा एका इंग्लिश उन्हाळ्याचा पगार ठरलेला आणि लेखी.

मंकड यांची गोष्ट बघा, कारण ती कुठल्याही ऑफिसात घडू शकते. 1952मध्ये भारताचा संघ इंग्लंडला जाणार होता. हॅस्लिंग्डनचा करार समोर होता. मंकडनी बोर्डाला विचारलं, मला संघात घेणार हे नक्की सांगा, मी तो करार सोडतो. बोर्ड म्हणालं, अशी खात्री कोणालाच देता येणार नाही. (ओळखीचं वाटतंय? ‘प्रमोशनचं बघू, प्रोसेसमध्ये आहे.’) मंकड हॅस्लिंग्डनला गेले. मग लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावाची अवस्था झाली शून्य धावांत चार बाद. शून्यावर चार! आता बोर्डालाच धावपळ करून हॅस्लिंग्डनकडे जावं लागलं, तुमचा प्रो आम्हाला द्या म्हणून. मंकड लॉर्ड्सला आले, 72 आणि 184 धावा काढल्या, पहिल्या डावात 73 ओव्हर टाकून पाच विकेट घेतल्या. भारत तरीही हरला. पण त्या मॅचला आजही मंकडची कसोटी म्हणतात. ज्या माणसाला खात्री देता येत नव्हती, त्याच्या नावाची!

पण मला सगळ्यात जास्त ज्याने गुंतवून ठेवलं तो माणूस वेगळा आहे. सुभाष गुप्ते. तुमच्या बाबांना विचारा, बाबांना नाही तर आजोबांना नक्की माहीत असेल. जन्म मुंबईचा, 11 डिसेंबर 1929. लेगस्पिनर. अंगाने किरकोळ, पण बॉल असा वळवायचे आणि उंचीवरून असा सोडायचे की समोरचा पुढे यावं का मागे जावं यातच अडकायचा. गुगली एक नाही, दोन प्रकारची. टोपणनाव ‘फर्गी’, त्रिनिदादच्या फर्ग्युसन नावाच्या लेगस्पिनरवरून पडलेलं. नावातच त्रिनिदाद होतं. योगायोग म्हणा.

1953मध्ये भारत वेस्ट इंडिजला गेला. समोर तेच वीक्स, वॉरेल, वॉलकॉट. गुप्तेंनी पाच कसोटींत 27 विकेट काढल्या, पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्याच कसोटीत एका डावात सात. त्याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांना कॅरोल भेटल्या. पुढे लग्न झालं. 1954-55च्या मोसमात मुंबईकडून पाकिस्तानच्या एका संघाविरुद्ध एकाच डावात दहाच्या दहा विकेट घेतल्या, 78 धावांत. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये हे करणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच मोसमात न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेत 34 विकेट. 1958च्या डिसेंबरात कानपूरला वेस्ट इंडिजचे नऊ जण त्यांनीच बाद केले, 102 धावांत. दहावाही झाला असता. लान्स गिब्जचा कॅच विकेटकीपर नरेन ताम्हाणेंच्या हातातून सुटला. ताम्हाणे स्वतः अव्वल दर्जाचे कीपर, तरी सुटला. होतं असं.

आणि इंग्लिश उन्हाळ्यात हाच माणूस रिश्टनचा प्रो. ब्लॅकबर्नजवळचं गाव, गिरण्या, ढग, ओलं गवत. थोडं डोळ्यासमोर आणा. ज्याची गुगली कसोटी फलंदाजांना कळत नाही, त्याच्यासमोर शनिवारी कोण, तर गिरणीतला फोरमन. फोरमनलाही कळत नाही, पण त्यामुळेच तो डोळे मिटून बॅट फिरवतो. आणि स्लिपमध्ये उभा असतो गावातला खाटीक, त्यालाही बॉल कुठे वळणार ते कळत नाही, म्हणून कॅच सुटतो. मग टोपीत चिल्लर कमी पडते. मला या बिचाऱ्या प्रोंचं दुःख यात दिसतं. तुमच्यात जे सगळ्यात बारीक, सगळ्यात भारी आहे, त्याचं गिऱ्हाईकच तिथे नसतं. तिथे हवा असतो निकाल, आणि तो शनिवारी साडेसातच्या आत. तरी गुप्ते तिथे रमले, आणि एका मोसमावर थांबले नाहीत.

गॅरी सोबर्स पुढे जाहीरपणे सांगत राहिले की गुप्ते शेन वॉर्नपेक्षा सरस. आता सोबर्स म्हणतायत म्हटल्यावर मी कोण मध्ये बोलणार? मी वॉर्नची पिढी आहे, मला ते जड जातं. पण ज्याने गुप्तेंना खेळलंय आणि वॉर्नला डोळ्यांनी पाहिलंय अशी माणसं मोजकीच, आणि सोबर्स त्यातले.

आता डिसेंबर 1961. इंग्लंडविरुद्धची दिल्ली कसोटी. संघ इंपिरियल हॉटेलात उतरलेला. गुप्तेंच्या खोलीत जोडीदार होते ए. जी. क्रिपालसिंग. क्रिपालसिंगनी खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनिस्टला ड्युटी संपल्यावर ड्रिंकला येतेस का असं विचारलं. तिने तक्रार केली. फोन गेला होता खोलीतून, आणि खोली दोघांची. बोर्डाने दोघांवरही कारवाई केली. गुप्तेंचं म्हणणं एवढंच की फोन मी केला नाही. त्यावर बोर्डाकडून सवाल आला तो असा की मग त्याला थांबवलं का नाही? गुप्ते म्हणजे सडपातळ माणूस, क्रिपालसिंग म्हणजे भरभक्कम सरदार. थांबवायचं म्हणजे नक्की काय करायचं होतं, हे कोणी सांगितलं नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्क हसले होते. इतकं फालतू कारण! मग पुढचं वाचलं. गुप्ते बत्तीस वर्षांचे होते. लेगस्पिनरसाठी बत्तीस म्हणजे काही म्हातारपण नाही, उलट आता कुठे डोकं आणि बोटं एका लयीत यायला लागतात. त्यांना उरलेल्या कसोटींतून वगळलं. भारताने ती मालिका 2-0 अशी जिंकली, त्यामुळे त्यांची आठवण काढायची गरजही कोणाला पडली नाही. लगेच 1962च्या सुरुवातीला भारताचा दौरा होता. कुठे? वेस्ट इंडिजला. जिथे त्यांनी नाव कमावलं, जिथल्या खेळपट्ट्या त्यांना पाठ होत्या, जिथे त्यांची सासुरवाडी होती, त्या दौऱ्याच्या यादीत गुप्ते नव्हते. भारत पाचच्या पाच कसोटी हरला. बार्बाडोसला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला बॉल लागला, जिवावर बेतलं, आणि एकवीस वर्षांचे पतौडी कर्णधार झाले. तो दौरा इतिहासात त्यासाठी लक्षात राहिला. लेगस्पिनर का नव्हता हा प्रश्न मागे पडला.

36 कसोटी, 149 विकेट. एक कमी दीडशे. एक्सेलमध्ये अशी संख्या आली की आपला हात आपोआप राउंड ऑफकडे जातो.

इथे मला गंगापूरच्या त्या पोराचं वाक्य आठवतं आणि ते उलटंही होतं. बाहेरगावी तुम्ही भाड्याचे असता, हे तुम्हाला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं. हिशोब लेखी असतो. रिश्टनने गुप्तेंना कधी ‘मातीतला हिरा’ म्हटलं की नाही मला माहीत नाही, पण पैसे वेळेवर दिले असणार. घरच्या संघात मात्र कुठलाही करार नसतो, सगळं मानाचं असतं, आणि म्हणूनच एका फोनवरून, तोही दुसऱ्याने केलेल्या, तुमचं सगळं संपवता येतं. ऑन रोलवाल्यांनो, ऐकताय ना?

आमच्याकडे मराठवाड्यात बाहेर जाऊन राबणं काही नवीन नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिमेला निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुली दर हिवाळ्यात गायब व्हायच्या आणि उन्हाळ्यात परत दिसायच्या. त्यामुळे ‘बाहेर गेला म्हणजे त्याला पैसा सुटला’ हे शहरी वाक्य मला कधी पटलं नाही. लोक का जातात ते विचारायचं असेल तर आधी घरी काय चाललं होतं ते विचारावं.

मधल्या काळात हे सगळं फार बदललं, हे खरंच. 1992मध्ये यॉर्कशायर काऊंटीने आपला पहिला परदेशी खेळाडू घेतला तो कोण? एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. त्याआधी यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यालाच घ्यायचं असा त्यांचा हट्ट. सचिनने त्या मोसमात हजारावर धावा काढल्या, शतक मात्र एकच. इथे बसून आपण म्हणत होतो, अरे एकच? तिकडचे लोक म्हणत होते, पोरगा गोड आहे. 2008मध्ये आयपीएल आली आणि लँकेशायरच्या टोपीतली चिल्लर थेट आपल्याकडे करोडोंत आली. इतकी, की खेळत असलेल्या भारतीय पुरुषांना परदेशी टी-ट्वेंटी लीग खेळायला बोर्ड परवानगीच देत नाही.

बायकांना मात्र दिली! त्यामुळे बाहेरचा प्लेअर होण्याचा मान आता आमच्या पार्टीकडे आहे. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना 2016मध्ये ब्रिस्बेनकडून ऑस्ट्रेलियात खेळली. 2018च्या इंग्लिश उन्हाळ्यात वेस्टर्न स्टॉर्मकडून तिने 421 धावा ठोकल्या, अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात जास्त, आणि शतक काढलं ते नेमकं लँकेशायरविरुद्ध. सांगलीच्या हजारेंनंतर सांगलीचीच मुलगी लँकेशायरच्या मैदानावर पगारी पाहुणी म्हणून. एकदम सॉलिड. तिच्यासाठी टोपी फिरली नाही, पैसे बँकेत आले असतील.

गुप्ते इकडे फार काळ राहिले नाहीत. कॅरोलबरोबर त्रिनिदादला गेले. 1963-64च्या मोसमात ते त्रिनिदादच्या संघाकडून खेळले, म्हणजे आता त्या बेटासाठी बाहेरचे प्लेअर, आणि जावईही. आणि 1964मध्ये क्रिपालसिंग, ज्यांनी तो फोन केला होता, भारताकडून पुन्हा कसोटी खेळले.

बोर्डाला गुप्तेंची आठवण झाली ती 2000मध्ये. सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. दोन वर्षांनी, 31 मे 2002 रोजी पोर्ट ऑफ स्पेनला गेले. पन्नासेक वर्षांपूर्वी त्याच गावात त्यांनी एका डावात सात विकेट काढल्या होत्या.